साष्टीचा सम्यक आजीव

बौद्ध धम्मात माणसाच्या पोटापाण्याच्या उद्योगाला थेट आर्य अष्टांगिक मार्गातच जागा दिलेली आहे. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा आणि सम्यक कर्मान्त यांच्यानंतर पाचवे अंग येते ते सम्यक आजीव, म्हणजे निर्दोष उपजीविका. व्यायाम, स्मृती आणि समाधी ही चित्ताच्या साधनेची अंगे त्याच्या पुढची. माणूस कमावतो कसा, हे आधी तपासायचे आणि मग त्याच्या ध्यानाकडे वळायचे, असा हा क्रम आहे. या विचाराला मुंबईच्या उपनगरांत मोठा इतिहास आहे. वांद्र्याच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या साष्टी बेटावर तो एकदा कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी दगडात कोरून ठेवला. पुढे विसाव्या शतकात तो गिरण्या, रेल्वे आणि नगरपालिका यांत राबणाऱ्या माणसांनी नव्याने हाती घेतला.

पालि ग्रंथांत गृहस्थाच्या कामाविषयीचा उपदेश अनेक सुत्तांत विखुरलेला आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला केलेल्या उपदेशात शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजाची चाकरी किंवा एखादी कारागिरी अशी कामांची यादी येते. त्यांतले कोणतेही काम असो, ते कौशल्याने आणि आळस न करता करावे, कष्टाने मिळवलेले जपावे, चांगल्यांची संगत धरावी आणि मिळकतीच्या मानाने खर्च ठेवावा, एवढ्या चार गोष्टी त्याला सांगितल्या आहेत. सिगालोवाद सुत्त त्याहून व्यवहारी आहे. मिळकतीचे चार भाग करून एक भाग स्वतःसाठी खर्च करावा, दोन भाग धंद्यात घालावेत आणि एक अडीअडचणीसाठी ठेवावा, असे ते सांगते. मालकाने नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी, अशी मालकाची पाच कर्तव्येही त्यात आहेत.

'आपला जन्म कोणत्या कामासाठी झाला आहे' हा आज घरोघरी विचारला जाणारा प्रश्न या सुत्तांमध्ये आढळत नाही. जन्माने कोणतेही काम ठरत नाही, हाच तर त्यांचा आग्रह आहे. वासेट्ठ सुत्तात बुद्धाने हे स्पष्टच सांगितले. जो गाई राखून जगतो तो शेतकरी, जो कलाकुसरीवर जगतो तो कारागीर, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी. ही नावे माणसाच्या करणीला चिकटतात, त्याच्या रक्ताला नाही. शाक्यांचा न्हावी उपाली संघात आला आणि विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला. शाक्य कुमारांच्या आधी त्याला दीक्षा मिळाली. त्यामुळे त्यांना त्याच्यापुढे वाकावे लागले. कोमेजलेली फुले उचलणारा सुनीत थेर झाला. त्यामुळे या परंपरेत जीवनाचे उद्दिष्ट धंद्याच्या निवडीत शोधलेले दिसत नाही. हाती आहे ते काम कुणाला इजा करते का, ते कसे केले जाते आणि त्याचे फळ कुठे जाते, या तीन प्रश्नांत ते शोधलेले दिसते. चौथा प्रश्न, म्हणजे काम निवडण्याची मोकळीक माणसाला आहे का, हा सुत्तांमध्ये गृहीत धरलेला आहे. महाराष्ट्रात तो सर्वांत अवघड ठरला.

वसईच्या खाडीपलीकडचे सोपारे, म्हणजे आजचे नालासोपारा, हे प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. या प्रदेशातल्या धम्माच्या कथेची सुरुवात एका व्यापाऱ्यापासून होते. 'दिव्यावदाना'तल्या कथेप्रमाणे पूर्ण हा सोपाऱ्याच्या एका धनिक गृहस्थाला दासीपासून झालेला मुलगा. भावंडांनी त्याला वाटा नाकारला. त्याने व्यापारात आपली हुशारी दाखवली, चंदनाच्या सौद्यात पैसा केला आणि समुद्रावर अनेक सफरी केल्या. अशाच एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी गलबतावर बुद्धवचने म्हणताना त्याने ऐकली आणि तो बुद्धाकडे गेला. पालि सुत्तांत त्याचे पुढचे संभाषण आहे. सुनापरांताचे, म्हणजे त्याच्याच मुलखातले लोक तापट आहेत, ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, असे बुद्धाने सांगितल्यावर पूर्ण प्रत्येक वेळी त्याहून वाईट काही केले नाही म्हणून त्यांचे आभार मानायची तयारी दाखवतो. कथेतला तपशील किती ऐतिहासिक आहे, हे सोडून देऊ. तिच्यात एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. दीक्षा घेतल्यावर पूर्णाने ज्या मुलखात सचोटीने व्यापार केला त्याच मुलखात तो परत आला. ओळखीची माणसे, ओळखीचे रस्ते आणि ओळखीची भाषा हीच त्याच्या नव्या कामाची शिदोरी झाली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात स्तूप उकरला. त्याच गावात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सापडले.

सोपारे आणि कल्याण या दोन बाजारपेठांच्या मध्ये, बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हसेल, म्हणजे कृष्णशैल. शंभराहून अधिक लेणी असलेला हा विहार इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून सुमारे हजार वर्षे नांदता होता. इथले शिलालेख सातवाहन, क्षत्रप, त्रैकूटक आणि शिलाहार यांच्या राजवटींचे. पण इतिहासाच्या पुस्तकांत राजांची नावे जितकी येतात तितकी इथल्या दगडावर येत नाहीत. तिथे ठळक दिसतात ती धंद्यांची नावे. कल्याणचा सोनार सामिदत्त पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान देतो. सोपाऱ्याचा मणिकार, म्हणजे रत्ने घडवणारा, नागपालित हाही पोढीच देतो. कल्याणचा लोहार नंद डोंगरावरची वाट करून देतो. नेगम म्हणजे व्यापारी लेणी कोरवून देतात. चेऊलच्या हेरणिकाचे, म्हणजे खजिनदाराचे नाव आहे, भिक्खुणींची आणि उपासिकांचीही आहेत.

या दानांचे स्वरूप नीट पाहायला हवे. कान्हेरीला पावसाळ्यात पाणीच पाणी आणि उन्हाळ्यात टंचाई. म्हणून जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पोढी खोदलेली आहे आणि पावसाचे पाणी तिच्यात आणणारे पन्हाळ कातळात कोरलेले आहेत. सोनाराने दिलेली पोढी ही दिखाऊ देणगी नव्हती. तिच्याशिवाय त्या डोंगरावर वर्षभर राहणेच शक्य नव्हते. लोहाराने केलेली वाट तर त्याच्या धंद्याच्या अगदी जवळची, कारण डोंगर फोडणारी छिन्नी आणि पहार त्याच्याच भट्टीत तयार होत असणार. दान देताना बहुतेक जण आपल्या आईवडिलांचे आणि सर्व सत्त्वांचे हित व सुख मागतात. लेखात धंदा सांगायचा तो अभिमानाने सांगितलेला आहे. 'सोनार' किंवा 'लोहार' हे शब्द नावाआधी किंवा नावानंतर कोरून घेताना कुणाला संकोच वाटलेला दिसत नाही. पुढच्या काळातल्या जातिव्यवस्थेत हेच शब्द कोणत्या अर्थाने वापरले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे या लेखांचे मोल कळते.

लेणे क्रमांक ३ हे कान्हेरीचे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळाच्या सुमाराचे. ते दोन व्यापारी भावांच्या दानातून झाले. त्याच्या प्रवेशाजवळचा लेख फार मोलाचा आहे. त्यात देणगीदारांबरोबर बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूंचा उल्लेख आहे आणि प्रत्यक्ष राबणाऱ्यांचाही: शेलवढकी म्हणजे दगडाचे कारागीर, त्यांचे मुकादम आणि मिथिक, ज्यांना अभ्यासक दगडाला झिलई करणारे मानतात. प्राचीन भारतात मंदिरे, किल्ले आणि राजवाडे बांधणाऱ्या हजारो पाथरवटांची नावे आपल्याला माहीत नाहीत. कान्हेरीत त्यांच्या कामाला निदान दगडावर स्थान मिळाले. देखरेख करणारा नवकम्मिक भिक्खू, पैसा देणारा व्यापारी आणि टाकी चालवणारा पाथरवट एकाच लेखात येतात. धम्माच्या दृष्टीने तिघांचे काम एकाच पुण्याचे होते.

भिक्खू स्वतः कमावत नव्हते. मग विहार चालत कसा होता, याचे उत्तर अक्षयनीवीत आहे. मूळ रक्कम किंवा शेत कायम ठेवायचे आणि केवळ त्याच्या उत्पन्नातून चीवर, अन्न, पादत्राणे आणि औषधे पुरवायची, अशी ती पद्धत. कान्हेरीच्या लेखांत जवळच्या मंगलठाण, म्हणजे आजच्या बोरिवलीतल्या मागाठाण्याच्या शेताचे दान आहे. याच पद्धतीचा सर्वांत स्पष्ट हिशेब नाशिकच्या लेणे क्रमांक १० मध्ये मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, २,००० कार्षापणे दरमहा एक टक्का व्याजाने ठेवली. वर्षाला २४० कार्षापणे येत. त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी मिळत. कोष्ट्यांच्या दुसऱ्या श्रेणीकडे त्याने आणखी १,००० कार्षापणे पाऊण टक्क्याने ठेवली. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात नाशिकलाच कुंभार, पाण्याची यंत्रे बनवणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांतून आजारी भिक्खूंच्या औषधांची सोय केली होती. जुन्नरला तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच एक लेणे दिले.

हा हिशेब आजच्या वाचकाला कोरडा वाटेल, पण सम्यक आजीवाचा खरा संसार त्यातच दिसतो. कोष्टी मागावर जे विणत होता त्यातून त्याचे घर चालत होते आणि त्याच्या श्रेणीच्या व्याजातून भिक्खूच्या अंगावर वस्त्र येत होते. विहाराला उद्याची खात्री द्यायची तर ती कोणाच्या भरवशावर, या प्रश्नाला दानशूरांनी दिलेले उत्तर राजाच्या खजिन्याकडे बोट दाखवत नाही, ते कारागिरांच्या संघटनेकडे बोट दाखवते. श्रेणी बुडणार नाही, तिची माणसे शब्द मोडणार नाहीत, हा विश्वास त्यांच्या कामावरचा विश्वास होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दख्खनमधली लेणी आणि घाटांतले व्यापारी मार्ग यांचा संबंध दाखवताना विहार हे या अर्थव्यवस्थेचे गिऱ्हाईक आणि आधार दोन्ही होते, हे मांडले. त्यांच्या मांडणीत एक इशाराही आहे. ज्यांच्या पाठीवरून हा माल घाट चढून जात होता त्या हमालांचे, बैलवाल्यांचे आणि दासांचे नाव कोणत्याही लेण्यात नाही. दगड फोडणाऱ्यांची नोंद झाली, दगड वाहणाऱ्यांची झाली नाही.

अंधेरीजवळच्या कोंडिविट्याला, म्हणजे महाकाली लेण्यांमध्ये, गोल घुमटीत बसवलेला स्तूप आहे. तिथे गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने विहार दिल्याचा लेख आहे. लोहार आणि ब्राह्मण एकाच धम्माला दान देत होते. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या काळात, कान्हेरीच्या लेखांत भिक्खूंच्या चीवराबरोबर लेण्यांची डागडुजी आणि पुस्तकांचा खर्च यांसाठीही तरतूद आहे. बंगालमधून आलेल्या उपासकाचे दानही त्या काळातले. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी लेणे क्रमांक ९० मध्ये पहलवी लिपीत आपली नावे कोरली. त्यानंतर विहार ओस पडला. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७-३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी.

याच साष्टीतल्या वांद्र्याचे जुने धंदे मासेमारी, शेती, मिठागरे आणि ताडी. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली तशी शहरासाठी गुरे कापण्याची जागा वांद्र्याला आली. हा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला हलवला गेला. कातडी कमावणारे आणि चामड्याचे काम करणारे खाडीपलीकडे धारावीत वसले. मांस, मद्य आणि प्राणी, अशी पाचांतल्या तीन व्यापारांची गर्दी या एवढ्याशा परिसरात झाली. पण त्या कामात उतरलेल्या माणसाला दुसरे काय उपलब्ध होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला दोष देता येत नाही. कातडे ओढणारा माणूस त्या धंद्यात आवडीने आलेला नव्हता. गावात त्याच्या जातीला ते काम नेमून दिलेले होते आणि शहरानेही त्याच्यासाठी तेच राखून ठेवले.

मुंबईच्या गिरण्यांत हे उघड दिसत होते. विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. हातात कसब असूनही धागा नाकारला जाणे हा मजुरीपुरता प्रश्न नव्हता. १९३६ मध्ये लिहिलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात त्यांनी त्याचे मूळ उलगडून दाखवले. जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. जन्माआधीच ठरलेल्या धंद्यात माणसाची आवड, पात्रता आणि प्रशिक्षण यांना जागाच उरत नाही, त्यामुळे त्याला कामाचा तिटकारा वाटू लागतो आणि तो ते टाळू पाहतो. ज्या कामात ना मन ना बुद्धी, त्यात कार्यक्षमता कुठून येणार, असा त्यांचा सवाल होता. कामातून जीवनाचे उद्दिष्ट सापडावे, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही पाने वाचायला हवीत. सुत्तांनी गृहीत धरलेला चौथा प्रश्न इथे उघडपणे विचारला गेला.

खेड्यात या प्रश्नाचे नाव महार वतन होते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात महाराने सरकारी सांगावा न्यायचा, पाटील-कुलकर्ण्यांची वेठ करायची, मेलेली ढोरे ओढायची. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेले नाही, नकार देण्याची सोय नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत नोकऱ्यांच्या कायद्याने या बांधिलकीला सरकारी शिक्का दिला होता. त्यात दुरुस्ती करण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. आधीच्या वर्षी महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आणि मानहानीची कामे नाकारण्याचे आवाहन झाले होते. वतन गेले तर जमीन जाईल, पोट कसे भरायचे, ही भीती अनेक महार कुटुंबांना होती आणि ती खोटी नव्हती. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आंबेडकरांच्या निधनानंतर.

ढोरे ओढण्याच्या कामावरचा त्यांचा रोख किती ठाम होता, हे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात दिसते. मेलेले ढोर ओढणे सोडल्याने महारांचे शिंगे, खूर, कातडे आणि हाडे यांतून मिळणारे वर्षाचे पाचशे रुपये बुडतात, असा हिशेब 'केसरी'त कुणीतरी मांडला होता. बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले की ते काम तुम्ही करा, तो सारा फायदा तुम्ही घ्या, वर आम्ही आणखी पैसे देऊ. प्रश्न रकमेचा नव्हताच. फायदेशीर ठरले तरी जे काम माणसाची मान खाली घालायला लावते, ते सम्यक आजीव होऊ शकत नाही.

मुंबईत धम्माची नवी सुरुवात मात्र त्याआधीच झालेली होती. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, श्रीलंकेत पालि शिकले, हार्वर्डपर्यंत गेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात पालिचे अध्यापन केले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी परळला गिरणगावात बहुजन विहार उभा केला. विद्वत्ता पोथीपुरती न ठेवता ती गिरणी कामगारांच्या वस्तीत नेण्याचा हा प्रयत्न होता. स्वतः कोसंबींच्या आयुष्यात ज्ञान आणि सेवा हे दोन वेगळे रस्ते कधीच नव्हते.

आंबेडकरांच्या बाजूने कामगार आणि धम्म हे दोन प्रवाह एकत्र येत होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरलेल्या रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. तिथे सकाळच्या वेळी वर्ग भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता आले. महाविद्यालयाला गौतमाचे गृहस्थपणीचे नाव दिले हेही अर्थपूर्ण होते, कारण जे शिकायला येत होते ते घरदार चालवणारे लोक होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांमध्ये चोरी न करणे, खोटे न बोलणे, मद्य न पिणे यांच्याबरोबर अष्टांगिक मार्गाचे आचरण करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे सम्यक आजीव हा दीक्षा घेणाऱ्याचा शब्द होता. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे निधन झाले आणि दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कारांच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी मोठ्या समुदायाला दीक्षा दिली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी एक प्रश्न ठेवला आहे. भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस व्हावा, की समाजाचा सेवक व्हावा? त्यांचा कल सेवकाच्या बाजूने आहे. कान्हेरीच्या डोंगरावर मुकादमी करणारा नवकम्मिक भिक्खू या प्रश्नाच्या उत्तरात सहज बसला असता.

धर्मांतराने कामाच्या जगात लगेच नवी दारे उघडली असे नाही. उलट अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्माशी जोडलेल्या असल्याने बौद्ध झालेल्यांनी त्या गमावल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने त्या १९९० मध्ये दिल्या. तरीही लोकांनी धम्म घेतला. नोकरी मिळण्याआधी माणूस म्हणून उभे राहणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले, आणि हा निर्णय घेताना त्यांनी मोजलेली किंमत विसरली जाऊ नये. पुढे शिक्षणामुळे आणि राखीव जागांमुळे एक पिढी कारकून, शिक्षक, परिचारिका आणि रेल्वे कर्मचारी झाली. वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत, घाटकोपर, मुलुंड, विक्रोळी, चेंबूर इथल्या वस्त्यांत बुद्धविहार उभे राहिले. संध्याकाळी त्याच खोलीत मुलांची अभ्यासिका भरायची आणि पौर्णिमेला वंदना व्हायची. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. गावगाड्याच्या हिश्शाचे नाव धारण करणारे ते आत्मचरित्र अशाच पगारदार झालेल्या पिढीच्या माणसाने लिहिले होते.

याच उपनगरांत धम्माचा आणखी एक प्रवाह आला तो ब्रह्मदेशातून. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. त्यांनी आपल्याच कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिकवली. हिशेबाची सचोटी आणि चित्ताची एकाग्रता त्यांनी एकाच टेबलावर मांडली. त्यांच्याकडे १९५५ मध्ये शिकलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका यांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईला ८,००० माणसे बसतील असा, मधे एकही खांब नसलेला पॅगोडा उभा राहिला आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शिबिरांना शुल्क नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ती चालतात. दहा दिवसांनी साधक आपल्या दुकानात किंवा कचेरीत परत जातो. आंबेडकरी विहारांमधल्या अनेकांचा या साधनेवर आक्षेप असतो, की मनाकडे वळताना ती व्यवस्थेकडे पाठ फिरवते. हा आक्षेप गंभीर आहे. ऊ बा खिन यांनी कचेरी सोडली नव्हती, हेही मात्र तितकेच लक्षात घ्यावे लागते.

सम्यक आजीवाचा सर्वांत कठीण प्रश्न आजही मुंबईच्या रस्त्यावरच आहे. महापालिकेचे सफाई कामगार बहुसंख्येने दलित आहेत, त्यांत बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. घर, पगार आणि निवृत्तिवेतन यांची ती खात्री आहे आणि कामगार संघटना तिला घट्ट धरून असतात. पण त्या खात्रीबरोबर झाडूही वारसाहक्काने येतो. १९२८ च्या विधेयकाने ज्या वंशपरंपरेवर घाव घातला तीच इथे कल्याणाच्या रूपात परत आली आहे, असे म्हणणारे आहेत. ही खात्री गेली तर कुटुंब रस्त्यावर येईल, असे म्हणणारेही आहेत. दोघेही खरे बोलतात. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी आणली, तरी गटारांत माणसे उतरवण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. कचरा उचलण्याचे काम ठेकेदाराकडे गेल्यावर तर ना वेतनाची खात्री, ना आजारपणात काळजी, ना सुट्टी, अशी अवस्था झाली. सिगालोवाद सुत्तातली मालकाची कर्तव्ये एकेक करून नाकारली गेली. मुंबईतल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने या ठेक्याच्या पद्धतीविरुद्ध अनेक वर्षे न्यायालयात झगडून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० सफाई कामगारांना महापालिकेचे कायम कर्मचारी ठरवून घेतले. त्यानंतरही थकबाकीसाठी आणि प्रत्यक्ष नेमणुकीसाठी त्यांना पालिकेच्या दारात पाठपुरावा करावा लागला.